कमरेतलं इंजेक्शन: बाळंतपणातल्या भुलेचे त्रास कसे ओळखायचे आणि कुणाला काय सांगायचं

गेल्या पावसाळ्यात इंदुरात रामबागेतल्या ओळखीच्या काकूंचा सकाळी सातलाच फोन आला. "अगं, लेकीला वारं लागलंय. चार दिवसांची ओली बाळंतीण, मान वर करवत नाही. जरा येऊन बघतेस का?" गेले तर खिडक्या बंद, कोपऱ्यात शेगडीवर ओव्याची धुरी, पोरीचे कान गच्च बांधलेले आणि कपाळावर सुंठेचा लेप. पोर मात्र आडवी पडून बाळाशी मजेत बोलत होती. म्हटलं, "उठून बस बरं." बसली. मी मनात दहा मोजेपर्यंत तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मावशी, मागून कुणी मान ओढतंय." परत आडवी केली, तर दोन-तीन मिनिटांत चेहरा सैल झाला.

वारं-बिरं काही नव्हतं. कळा सुरू असताना तिला कमरेतून एपिड्युरल, म्हणजे कळा कमी करायचं इंजेक्शन, दिलं होतं, तेव्हा सुई जरा पुढं गेली होती. हे दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलंही होतं. तो कागद बाळंतविड्याच्या पिशवीत तळाशी होता आणि तीन दिवस लेपात गेले होते.

मी भूलतज्ज्ञ आहे. इंदुरातच शिकले आणि २५ वर्षांहून जास्त काळ इथल्याच लहान-मोठ्या दवाखान्यांत भूल देते आहे. या भुलेचे बहुतेक त्रास वेळेवर कळले की आटोक्यात येतात. अडतं ते बाई संकोचानं बोलत नाही तिथं, आणि घरचे दुखण्याला भलतंच नाव देतात तिथं. म्हणून हा लेख वेळेच्या क्रमानं लिहिते आहे. सातव्या महिन्यापासून सव्वा महिन्यापर्यंत कोणत्या टप्प्यावर काय होऊ शकतं आणि तेव्हा काय करायचं, ते त्यात आहे. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला यापेक्षा वरचा, हे सांगायला नकोच.

आधी दोन इंजेक्शनांतला फरक

घरोघरी दोन्हींना "कमरेतलं इंजेक्शन" म्हणतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मज्जारज्जूभोवती पाण्यासारखा द्रव असतो आणि त्यावर पडदा असतो. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली नसांचे धागे त्या पाण्यात शेवयांसारखे तरंगत असतात. सुई तिथं, म्हणजे मज्जारज्जूच्या खाली जाते. "सुई मणक्यात घुसली, पाय गेले" ही भीती म्हणूनच बव्हंशी चुकीच्या जागेवर बेतलेली आहे.

स्पायनलमध्ये सुई पडदा मुद्दाम ओलांडते. औषध जेमतेम दोन मिलिलिटर, एकदाच टोचायचं. पाच-दहा मिनिटांत छातीपासून खाली सगळं बधिर होतं आणि साधारण दोन-तीन तास टिकतं. ठरवून केलेल्या सिझरला बहुतेक हेच देतात. सुई अगदी बारीक, अर्ध्या मिलिमीटरची किंवा त्याहूनही कमी.

एपिड्युरलमध्ये सुई पडद्याच्या अलीकडे थांबवायची असते. तिच्यातून बारीक नळी आत सरकवतात, सुई काढून घेतात आणि नळी पाठीला चिकटवून ठेवतात. औषध थोडं थोडं, तासन्‌तास देता येतं. कळा कमी करायला हे वापरतात आणि असर यायला १५-२० मिनिटं लागतात. सुई जाड असते, सव्वा ते दीड मिलिमीटरची. त्या सुईनं चुकून पडदा भोकला तर भोकही मोठं पडतं. काकूंच्या लेकीचं तेच झालं होतं.

पायरी १: सातव्या-आठव्या महिन्यात भूलतज्ज्ञाला भेटा

आपल्याकडे नऊ महिने बाई डॉक्टरांकडे चकरा होतात, आणि भूल देणारा माणूस भेटतो तो टेबलावर, तोंडाला मास्क लावून. हे बदलायला हवं. "भूलवाल्या डॉक्टरांशी दहा मिनिटं बोलायचंय," असं आपल्या डॉक्टरांना सरळ म्हणा. आणि त्या दहा मिनिटांत या गोष्टी न विचारता सांगा.

रक्त पातळ करणारं काय चालू आहे? गरोदरपणात बीपीच्या भीतीनं रात्री देतात ती कमी डोसाची ॲस्पिरिन, म्हणजे इकोस्प्रिन, एकटी असेल तर सहसा अडचण नसते. पोटाच्या कातडीत टोचायचं एनॉक्सापॅरिन चालू असेल तर मात्र शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते तासांत सांगावं लागतं. छोट्या डोसानंतर किमान १२ तास आणि मोठ्या डोसानंतर २४ तास थांबायचा नियम आहे. ही घाई केली तर मणक्याच्या पोकळीत रक्त साचून नसा दाबल्या जाऊ शकतात. हे फार विरळ आहे, पण या भुलेतलं सगळ्यांत गंभीर संकट हेच. कळा सुरू झाल्या की पुढचं इंजेक्शन आपणहून टोचू नका, आधी फोन करा.

प्लेटलेट किती आहेत? ७०-८० हजारांच्या खाली गेल्या की बहुतेक भूलतज्ज्ञ कमरेत सुई घालायला कचरतात. गरोदरपणात बीपी वाढलेल्या बाईच्या प्लेटलेट काही तासांत घसरू शकतात. त्यात आपल्या इंदुरात पावसाळा आणि दिवाळीच्या आसपासचे आठवडे म्हणजे डेंग्यूचे. गेल्या पंधरवड्यात ताप येऊन गेला असेल तर "आता बरी आहे" म्हणून तो गिळून टाकू नका.

याशिवाय हिरड्यांतून रक्त येणं, उगाच काळे-निळे डाग पडणं, पाठीचं ऑपरेशन, कण्याला बाक, हृदयाच्या झडपेचा आजार, कमरेवर फोड किंवा पुरळ, आधी कधी भुलेचा झालेला त्रास, दातांच्या डॉक्टरांकडे सुन्न करायच्या औषधानं आलेली चक्कर, सगळं सांगा. सासूबाई बाहेर बसल्यात म्हणून आधीचं गर्भपाताचं ऑपरेशन लपवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना एकटीला आत बोलावून विचारावं लागतं.

एक किरकोळ गोष्ट. दवाखान्यात निघताना कमरेला तेल चोळून घेऊ नका. पोरीची पाठ दुखते म्हणून आई मायेनं तीळतेल लावते, आणि मग नळीवरची चिकटपट्टी धरत नाही. नळी सरकली की कळा परत.

पायरी २: सही करण्याआधी आकडे विचारा

संमतीपत्र कळा चालू असताना पुढं येतं. तेव्हा कुणीही कशावरही सही करेल. म्हणून ते आधी मागून घ्या आणि घरी वाचा. हिंदी किंवा इंग्रजी असेल तर कुणाकडून तरी समजून घ्या.

ब्रिटनमधल्या प्रसूतिभूलतज्ज्ञांच्या संघटनेनं आयांसाठी एक माहितीपत्रक काढलं आहे. मी त्यातलेच आकडे सांगते, कारण ते सोप्या भाषेत मांडलेले आहेत. एपिड्युरलनं कळा पुरेशा कमी होत नाहीत असं आठांत एकीला होतं. म्हणजे हे नेहमीचंच, त्याला अपघात म्हणायचं कारण नाही. बीपी लक्षात येईल इतकं उतरणं ५० त एक. तीव्र डोकेदुखी एपिड्युरलनंतर १०० त एक, स्पायनलनंतर ५०० त एक. पायावर बधिर पट्टा किंवा पाय हलका पडणं, तेही तात्पुरतं, हजारात एक. हाच त्रास सहा महिन्यांहून जास्त टिकणं १३ हजारांत एक. मणक्यात पू होणं ५० हजारांत एक, मेंदूच्या आवरणाला सूज लाखात एक, रक्ताची गाठ १ लाख ७० हजारांत एक, आणि पाय कायमचे जाण्यासारखी गंभीर इजा अडीच लाखांत एक.

हे आकडे तिकडचे आहेत. आपल्या दवाखान्यात सुई कोणती वापरतात, हात किती सरावलेला आहे, यावर थोडंफार पुढं-मागं होणार. म्हणून सरळ विचारा, "स्पायनलला कोणती सुई वापरता?" पेन्सिलीच्या टोकासारखी सुई पडद्याचे तंतू बाजूला सारत जाते. धारदार टोकाची सुई ते कापते आणि तिच्यानं डोकं जास्त दुखतं. पेन्सिलटोकी सुई थोडी महाग असते, पण बाळंतपणाच्या एकूण खर्चात तो फरक जाणवत नाही. हा प्रश्न विचारल्याचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

पायरी ३: टोचताना

तुम्हाला पलंगाच्या कडेला बसवतील किंवा कुशीवर निजवतील. हनुवटी छातीला, खांदे सैल, उशी पोटाशी कवटाळलेली. आमच्याकडच्या सिस्टर म्हणतात, "दीदी, बिल्ली जैसे पीठ निकालो." मांजर रागावल्यावर पाठ काढतं, तशी. पुण्या-नाशिकहून माहेरी आलेल्या मुली कळांच्या भरात हे हिंदी ऐकून भांबावतात, म्हणून आधीच सांगून ठेवते.

कळ येतेय असं वाटलं की तोंडानं सांगा, "आली." सुई धरलेला हात थांबेल. कळ गेली की "गेली." तुमच्याकडून एवढंच लागतं, पण सुई नको तिथं जाणं टाळण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

मध्येच एका पायात वीज चमकल्यासारखं झालं तर पाय झटकू नका. "डाव्या पायात" किंवा "उजव्या पायात" एवढंच म्हणा. सुई किंवा नळी एखाद्या नसेला घासून गेली, असा त्याचा अर्थ. क्षणात गेलं तर काळजी नाही. राहिलं, किंवा औषध सोडताना जोरात दुखलं, तर सुई मागं घेतली पाहिजे, आणि ते तुम्ही बोललात तरच डॉक्टरांना कळणार. हे सहन करण्यात काही शहाणपण नाही.

पायरी ४: पहिली वीस मिनिटं

स्पायनलनंतर सर्वांत जास्त दिसतं ते बीपी उतरणं. सिझरच्या स्पायनलमध्ये आधीपासून औषध दिलं नाही तर निम्म्याहून जास्त बायकांचं उतरतं. खालच्या शरीरातल्या रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त पायांत उतरतं, वर भरलेल्या गर्भाशयाचं ओझं मोठ्या शिरेवर. यंत्रावर आकडा उमटायच्या आधी बाईला कळतं. मळमळतं, जांभया येतात, डोळ्यांपुढं अंधारी येते, "काहीतरी होतंय" असं वाटतं. तेवढंही पुरे, बोला. आम्ही तुम्हाला डाव्या कुशीकडे थोडं कलतं करतो, सलाईन जोरात सोडतो, शिरेतून बीपी चढवणारं औषध देतो. दोन मिनिटांत फरक पडतो. उतरलेलं बीपी तसंच राहिलं तर बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं, म्हणून ही घाई.

इथं भाषेची एक गंमत आहे. इंदुरात ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर विचारते, "घबराहट हो रही है क्या?" आपली मराठी मुलगी म्हणते, "नाही, मी नाही घाबरत." आणि पुढच्या क्षणी ओकते. हिंदीतल्या घबराहटमध्ये मळमळ, छातीत कालवाकालव, अस्वस्थपणा सगळं येतं. तेव्हा "उल्टी जैसा लग रहा है" म्हणा, किंवा सरळ मराठीत "मळमळतंय" म्हणा. इथल्या निम्म्या सिस्टरांना ते कळतं.

छाती जड होणं, श्वास आत जातोय की नाही ते न कळणं, हेही नेहमीचं. छातीचे स्नायू बधिर झाल्यामुळं श्वास जाणवत नाही, पण तो चालू असतो. मी अशा वेळी बाईला माझी दोन बोटं घट्ट दाबायला सांगते आणि गप्पा मारत राहते, छप्पन दुकानात काय खाणार वगैरे. बोटं जोरात दाबली जातायत आणि आवाज खणखणीत आहे तोवर मी निश्चिंत. हाताच्या करंगळीला मुंग्या आल्या, पकड सैल पडली, आवाज कुजबुजल्यासारखा झाला, तर भूल जास्त वर चढते आहे. ही विरळ गोष्ट, पण खरी आणीबाणी. मग श्वासाची मदत करावी लागते, कधी नळी घालून पूर्ण भूल द्यावी लागते. औषध उतरलं की श्वास पूर्ववत होतो. म्हणून हाताला मुंग्या आल्या तर त्या क्षणी ओरडून सांगा.

एपिड्युरलमध्ये वेगळा धोका असतो, औषध रक्तवाहिनीत जाण्याचा. तोंडात धातूची चव, ओठ आणि जीभ बधिर, कानात घूं आवाज, एकदम बेचैनी. नळीतून पहिला छोटा डोस देऊन आम्ही थांबतो ते हेच तपासायला. त्या वेळी "काही वेगळं वाटतंय का?" या प्रश्नाला लाजत "नाही, ठीक आहे" म्हणू नका.

आणि सिझर चालू असताना दुखलं तर? हात लावल्याचं, ओढल्याचं, पोटात कुणी ढवळतंय असं जाणवणं साहजिक आहे. दुखणं मात्र साहजिक नाही. चीर घेण्याआधी बर्फ किंवा स्पिरिटचा बोळा लावून "थंड लागतं का?" विचारतात, तेव्हा खरं उत्तर द्या. थंड लागत असेल तर "लागतं" म्हणा. डॉक्टर खोळंबतील म्हणून "नाही लागत" म्हणणारी सोशिक बाई पुढच्या पाच मिनिटांत रडते. मध्येच दुखायला लागलं तर थांबवण्याचा तुम्हाला हक्क आहे. आणखी औषध देता येतं, नाहीतर पूर्ण झोपेची भूल.

पायरी ५: एपिड्युरल चालू असताना

हुडहुडी भरते, दात वाजतात. ताप नसतानाही होतं, पांघरूण घ्या. नाक आणि गाल खाजतात. भुलेत मिसळलेल्या फेंटानिलसारख्या औषधानं ते होतं, ॲलर्जी म्हणून घाबरू नका. एकाच बाजूची कळ जाणवत असेल तर त्या बाजूच्या कुशीवर वळा आणि सांगा, नळी थोडी मागं ओढून बहुधा जमतं. लघवीची जाणीव जाते, म्हणून दर काही तासांनी लघवी काढावी लागते. काही जणींना अंगात थोडा ताप येतो. तो एपिड्युरलचाही असू शकतो, पण जंतुसंसर्ग नाही ना हे डॉक्टरांनी बघितलंच पाहिजे.

"एपिड्युरल घेतलं की सिझर होतं" हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. तसं नाही. त्यानं सिझरचं प्रमाण वाढत नाही, हे बऱ्याच अभ्यासांत दिसून आलं आहे. जोर देण्याचा टप्पा थोडा लांबतो, हे खरं.

पायरी ६: पाय परत येईपर्यंत

पाय बधिर आहेत तोवर त्यांना शेक नको. गरम पाण्याची पिशवी नको, शेगडी नको, विटेचा शेक तर नकोच. कातडी भाजते आणि बाईला पत्ता लागत नाही. दुसऱ्या दिवशी फोड दिसतो, आणि घरचे म्हणतात इंजेक्शनची रिअॅक्शन. असे फोड मी दोनदा पाहिले, दोन्ही वेळा शेक माहेरच्या माणसानं दिला होता, प्रेमानंच.

पहिल्यांदा उठताना दोघीजणी धरायला हव्यात. आधी पलंगावर पाय लोंबकळत बसा, गुडघा ताठ करून दाखवा, पाऊल वर ओढून दाखवा, मगच उभ्या राहा. पाय हलतो म्हणजे तो भार पेलेल, असं नाही.

लघवीची नळी काढल्यापासून सहा तासांत आपणहून भरपूर लघवी झाली पाहिजे. थेंब थेंब होतेय आणि ओटीपोट फुगलंय तर सकाळची वाट बघू नका.

शेवटच्या डोसानंतर भूल हळूहळू उतरत गेली पाहिजे. चार तास झाले तरी पाय उचलता येत नसेल, किंवा आलेली ताकद पुन्हा गेली, तर भूलतज्ज्ञाला बोलवा म्हणून हट्ट धरा. नस दाबली जात असेल तर एमआरआय आणि ऑपरेशनसाठी पहिले आठ-बारा तास मोलाचे असतात.

एका पायाचं पाऊल लटकणं किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिर पट्टा राहणं, याचा दोष बहुतेक वेळा सुईकडे जातो. प्रत्यक्षात बाळाचं डोकं ओटीपोटातल्या नसांवर दाबल्यामुळं किंवा पाय बराच वेळ वर बांधून ठेवल्यामुळं हे जास्त वेळा होतं, आणि ज्यांनी भूल घेतलीच नाही त्यांनाही होतं. साधारण शंभरात एकीला, आणि बहुतेकींचं काही आठवड्यांत भरून येतं. तपासून मात्र घ्यायचंच.

पायरी ७: डोकेदुखी

आता काकूंच्या लेकीकडे परत.

१८९८ मध्ये जर्मनीतल्या कील गावी ऑगस्ट बियर या सर्जननं माणसावर पहिल्यांदा स्पायनल भूल दिली. मग स्वतःवर प्रयोग करायला सहायकाला सुई घालायला लावली. सिरिंज सुईला नीट बसेना, आणि तोवर पाठीतलं बरंच पाणी वाहून गेलं. मग बियरनं सहायकाच्या पाठीत औषध दिलं आणि त्याच्या नडगीवर हातोडा मारून पाहिला. भूल उत्तम चढली होती. दुसऱ्या दिवसापासून बियर अंथरुणाला खिळला. बसलं की डोकं ठणकायचं, आडवं झालं की थांबायचं. या डोकेदुखीचं लक्षण आजही तेच आहे.

आपल्या मेंदूभोवतीचं आणि कण्यातलं मिळून पाणी साधारण १५० मिलिलिटर. शरीर रोज अर्धा लिटर नवं तयार करतं, पण भोकातून गळती त्याहून भारी पडली तर मेंदूचा आधार कमी होतो, उभं राहिलं की तो खाली खेचला जातो आणि आवरणं ताणली जातात. बहुधा पहिल्या तीन दिवसांत सुरू होतं. कपाळ, मानेचा मागचा भाग, कधी खांद्यांपर्यंत. कानात आवाज, उजेड नकोसा, क्वचित एकाचे दोन दिसणं.

घरी करायची चाचणी सोपी. दहा मिनिटं सपाट निजा, डोकं किती दुखतंय ते बघा. मग पंधरा मिनिटं बसा. बसल्यावर चढलं आणि निजल्यावर उतरलं, तर त्याच दिवशी भूलतज्ज्ञाला फोन करायचा. घरात वारं, नजर, ॲसिडिटी, झोप न होणं असं काहीही म्हणोत.

उपचार? पॅरासिटामॉल आणि डॉक्टर देतील ती अंगावर पाजणाऱ्या आईला चालणारी दुखण्याची गोळी. पाणी नेहमीइतकं प्या, बादलीभर पिऊन भोक बुजत नाही. कडक कॉफीनं काही तास आराम पडतो, पण दिवसाला दोन-तीन कपांवर जाऊ नका, बाळ जागं राहील. आणि तो जुना नियम, "२४ तास उशी नाही, डोकं उचलायचं नाही." सपाट निजल्यानं ही डोकेदुखी टळत नाही. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं हाच नियम सांगत होते, कारण मला तसंच शिकवलं होतं. आता सांगत नाही. दुखत असेल तर आडवं राहा, बरं वाटतं म्हणून. दुखत नसेल तर उठा, हिंडा. बाळंतिणीनं निजून राहणं म्हणजे पायात रक्ताची गुठळी व्हायला आमंत्रण.

दोन दिवसांत उतार नाही, बाळाला बसून पाजता येत नाही, तर रक्ताचा पॅच. दंडातून तुमचंच १५-२० मिलिलिटर रक्त घेतात आणि एपिड्युरलच्या जागी सावकाश सोडतात. ते गोठून भोकावर बसतं. कमरेत दाटल्यासारखं होतं, मग दोनेक तास सपाट निजायचं, आणि दोन दिवस पाण्याची कळशी, ओलं धुणं, मोठं पोर काही उचलायचं नाही. शंभरातल्या साठ-सत्तर जणींचं पहिल्याच पॅचनं राहतं, काहींना दुसरा लागतो. ताप असेल तर पॅच करत नाहीत. काकूंच्या लेकीला दुसऱ्या दिवशी केला. संध्याकाळी ती टेकून बसून पाजत होती. काकूंनी तरी कानाचा रुमाल काढू दिला नाही, आणि मीही त्यावर वाद घातला नाही.

पॅच न करताही हे दुखणं बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरतं. पण "ओसरेल" म्हणून कुणाला न दाखवता बसू नका. क्वचित ते महिनोन्‌महिने रेंगाळतं, आणि फार विरळा मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचतं.

पायरी ८: सव्वा महिन्यात रात्री-अपरात्री निघायची कारणं

हा भाग मोबाईलवर फोटो काढून नवऱ्याला आणि आईला पाठवा.

डोकं आता बसताना-निजताना सारखंच दुखतंय, किंवा एकदम फुटल्यासारखं दुखलं, झटका आला, बोबडी वळली, एक हात-पाय लुळा पडला. डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढं चमकतंय आणि बरगडीखाली दुखतंय, तर आधी बीपी मोजा. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत बीपी वाढून झटके येऊ शकतात, भुलेचा त्याच्याशी संबंध नाही. १४०/९० च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, १६०/११० असेल तर तडक दवाखाना.

ताप, मान ताठ, उजेड सहन होत नाही.

ताप आणि टोचल्या जागी वाढत जाणारं दुखणं, लाली, पू. हे आठवड्या-दोन आठवड्यांनीही होऊ शकतं.

पाय नव्यानं अशक्त, बसायच्या जागी बधिरपणा, लघवी तुंबली किंवा नकळत झाली.

यांतलं काहीही असेल तर १०८ ला फोन करा, किंवा जिथं चोवीस तास एमआरआय आणि मोठे डॉक्टर आहेत तिथं जा. इंदुरात एमवाय हे मोठं सरकारी रुग्णालय रात्रभर उघडं असतं. गेल्यावर पहिलं वाक्य हेच म्हणायचं, "कमर में इंजेक्शन लगा था, फलां तारीख को." ते सांगितलं नाही तर बाळंतिणीची डोकेदुखी किंवा पायदुखी नेहमीच्या रांगेत बसते.

आणि कंबरदुखी

"त्या इंजेक्शनपासून माझी कंबर गेली." वीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाबद्दलही असं ऐकते. टोचल्या जागी चार-आठ दिवस ठणका राहतो, हात लावला की दुखतं. एवढं इंजेक्शनचं. पुढची महिनोन्‌महिन्यांची कंबरदुखी एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांत सारखीच आढळते. गरोदरपणात सांधे सैल झालेले, पोटाचे स्नायू ढिले, त्यात दिवसातून दहा वेळा मांडी घालून पुढं वाकून पाजायचं. पाठीला लोड घ्या, बाळ उशीवर ठेवून छातीशी आणा, स्वतः बाळाकडे वाकू नका. व्यायाम विचारून सुरू करा. डिंकाचे लाडू खा खुशाल, कमरेसाठी नाही, चवीसाठी.

घरी निघताना मागून घ्यायचा कागद

डिस्चार्ज कार्डावर बहुधा "स्पायनल भूल" एवढंच असतं. भूलतज्ज्ञाकडून चार ओळी वेगळ्या लिहून घ्या. कोणती भूल, कितव्यांदा टोचल्यावर जमलं, सुई कोणती, पडद्याला भोक पडलं का, बीपी किती उतरलं, कोणत्या औषधाला त्रास झाला, आणि डोकं दुखलं तर कोणत्या नंबरवर फोन करायचा. कागद बाळाच्या लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवा, कारण ते एक कार्ड कुठल्याच घरात हरवत नाही. दुसऱ्या खेपेला हाच कागद नव्या भूलतज्ज्ञाच्या हातात द्यायचा. काकूंच्या लेकीचा कागद मी त्या दिवशी बाळंतविड्यातून काढून तिथंच ठेवून आले.